शूटिंगची परवानगी आणि ६ जानेवारी १९४८

फाळणी म्हटलं की सगळ्यांना पंजाबच्या रेल्वेगाड्या आठवतात. आमचा लघुपट सिंधमधून निघालेल्या एका कुटुंबाचा. पंजाब-बंगालसारखी सिंधची वाटणी झाली नाही, अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे ऑगस्ट १९४७ नंतरही बरेच हिंदू सिंधी घरदार धरून होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि माणसं मुंबईच्या बोटी धरायला बंदराकडे निघाली. आमच्या कथेतली आई त्यानंतरच्या एका रात्री पेटी भरते, उपसते, पुन्हा भरते.

कलाकार, कॅमेरा, कपडेपट, सगळं जमलं. शेवटचा प्रसंग पिंपरी कॅम्पातल्या गल्लीत रात्री घ्यायचा होता. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी तिथेच होती, त्यामुळे जागा बदलायची नव्हती. गाडं अडलं ते तिथे.

परवानगीच्या कार्यालयात अर्जासोबत गोषवारा जोडला होता. टेबलावरच्या साहेबांनी त्यातल्या ‘दंगल’ शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला. ‘हे कशाला? नुसतं कौटुंबिक लिहा ना.’ पडद्यावर दंगल नाही, एक आई आणि एक पेटी आहे, हे मी परोपरीने सांगितलं. मग हमीपत्र मागितलं. ते दिलं, तर पोलिसांचं ना हरकत आणा म्हणाले. पोलीस म्हणाले, आधी त्यांचं पत्र दाखवा. मध्येच साहेब मीटिंगला. फाइल कुठे आहे विचारलं, तर आवक क्रमांक सांगा! तेव्हा पहिल्या दिवशीच पोच घ्या, शिक्क्यासकट. माझ्याकडे होती म्हणून फाइल सापडली.

गोषवाऱ्यातली दंगलीची तारीख मात्र मी काढून टाकली नाही. ती काढली तर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडून का निघाली, हे प्रेक्षकाला कळणारच नाही. शेवटी कॅम्पातल्या सिंधी ज्येष्ठांनीच, आमच्या समाजाला या विषयाचं वावडं नाही, असं पत्र एका संध्याकाळी लिहून, सह्या करून दिलं. त्या पत्रावर दोन्हीकडची कुलुपं उघडली. रहिवाशांचं असं पत्र अर्जासोबतच जोडा, मागण्याची वाट बघू नका. कॅम्पातल्या त्या आजी-आजोबांचे उपकार मी विसरणार नाही.

आणि हो, जनरेटर असेल तर आधीच लिहा. नंतर कळवलं की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते.