दारातला नीत्शे

पाच सीडी होत्या. गेम एकच पण सीडी पाच, आणि एक घातली की जरा वेळानं कॉम्प्युटर दुसरी मागायचा, दुसरी दिली की तिसरी, एखाद्या हावरट पाहुण्यासारखा. दादाच्या मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेल्या होत्या, त्यामुळे मधे उठायची सोय नव्हती. शेवटी एकदाचं सगळं इन्स्टॉल झालं, आयकॉनवर डबल क्लिक केलं, स्क्रीन काळीठिक्कर पडली आणि मी म्हटलं झालं, हँग झाला. रीसेटच्या बटणाकडे हात गेलाच होता तेवढ्यात त्या काळ्यावर अक्षरं उमटली. इंग्रजीत होती, अर्थ साधारण असा की राक्षसांशी लढणाऱ्यानं जरा जपून असावं, नाहीतर लढता लढता तोच राक्षस होऊन बसायचा, आणि खोल खाईत फार वेळ डोकावत राहिलास तर खाईसुद्धा तुझ्यात डोकावायला लागते. खाली सही केल्यासारखं नाव, फ्रेडरिक नीत्शे.

मी बघत बसले. काळ्या काचेत माझाच चेहरा दिसत होता आणि खांद्याच्या मागे, खाईच्या अगदी तळाशी, कमरेवर हात ठेवून आई उभी होती. "किती वाजले बघितलंस का?"

तर तो गेम म्हणजे बाल्डर्स गेट, बायोवेअरचा, १९९८ सालचा. आणि खरं सांगते, मला वाटलं नीत्शे हा त्या गेममधलाच कुणी म्हातारा जादूगार असणार. नाव तरी बघा, इंग्रजी स्पेलिंगच्या मधोमध पाच व्यंजनं एकमेकांच्या अंगावर पडलेली, असलं नाव जादूगाराचंच असतं. पुढे खेळताना मी त्याची वाट बघत राहिले. रस्त्यात एक टोकदार टोपीवाला म्हातारा अधूनमधून भेटायचा, कोड्यात बोलायचा, हिरोला उपदेश करून निघून जायचा, मला पक्कं वाटलं हाच तो. तो निघाला एल्मिन्स्टर. गेम संपला तरी नीत्शे काही आला नाही, आणि मी मनातल्या मनात त्या गेमला खोटारडा ठरवून टाकलं, की सुरुवातीला एवढा गाजावाजा करून एक माणूस दारात उभा केला आणि पुढे त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

नंतर कधीतरी कळलं की बाबा हा जर्मन तत्त्वज्ञ आहे, १८८६ साली त्यानं स्वतःच्या पैशानं छापलेल्या पुस्तकातलं हे वाक्य आहे. मग पुस्तक मिळवून ते वाक्य शोधलं, तर अजून मजा. मला वाटत होतं मागेपुढे काहीतरी भरभक्कम विवेचन असेल, कुठले राक्षस, कसली खाई, नीट समजावून सांगितलं असेल. छे. त्या पुस्तकाच्या चौथ्या भागात नुसती सुटी सुटी वचनं आहेत, नंबर घालून, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध असेलच असं नाही. आपलं वाक्य १४६ नंबरचं. आणि लगेच १४७ नंबरला त्यानं एक जुनी इटालियन म्हण उचलून ठेवली आहे, बाई चांगली असो नाहीतर वाईट, तिला काठी हवीच. म्हणजे जगातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं गूढगंभीर वाक्य आणि त्याच्या शेजारी हा असला भिकार शेरा, आणि तोही स्वतःचा नाही, उसना. १४७ नंबरनं सुरू होणारा गेम मी अजून बघितलेला नाही आणि ते बरंच आहे.

पण मला जे खरंच खुपत होतं ते वेगळं. बाल्डर्स गेट घडतो फेरून नावाच्या खंडात, डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या कल्पित जगातल्या. तिथं जर्मनी नाही, एकोणिसावं शतक नाही, छापखाना आपल्यासारखा नाही, तर नीत्शे कुठून येणार. मग ते वाक्य बोललं कोण आणि कुणाशी? हिरोला ते ऐकू जात नाही, हिरो अजून जन्मालाच आलेला नाही, त्याचं नाव-गाव-जात अजून मला पुढच्या स्क्रीनवर भरायचं आहे. म्हणजे ते माझ्याशीच बोललेलं. खुर्चीत बसलेल्या, चप्पल अजून पायात असलेल्या माझ्याशी. आत गेल्यावर सगळं त्यांचं, देव त्यांचे, महिने त्यांचे, शिव्यासुद्धा त्यांच्या, पण दारात उभा असलेला माणूस मात्र आपल्याकडचा, आपल्या ओळखीचा (म्हणजे ओळखीचा असायला हवा होता, माझं अज्ञान सोडा).

आणि गंमत म्हणजे हा गेम सुरू कुठं होतो तर लायब्ररीत. कँडलकीप म्हणून एक किल्ला आहे, किल्ला कसला, तटबंदी घातलेलं ग्रंथालय, हिरो तिथंच लहानाचा मोठा झालेला. तिथला नियम असा की बाहेरच्या माणसाला आत यायचं तर एक मौल्यवान पुस्तक दान द्यावं लागतं. पुढे सहाव्या भागात आपण तिथं परत येतो तेव्हा आपल्यालाही पुस्तक द्यावं लागतं, मी इथं वाढलोय, तुम्ही मला शेंबडा असल्यापासून ओळखता वगैरे काही चालत नाही. हे कळल्यावर माझा नीत्शेवरचा राग एकदम गेला. गेमनं पण दारात पुस्तकच दिलं होतं की. आपल्या जगातून त्या जगात शिरायचं तर एक पुस्तक द्या, मग त्यांनी हे दिलं, १८८६ चं.

आता त्या पुस्तकाचं त्या जगात काय होतं बघा. नीत्शेचा राक्षस म्हणजे रूपक, खाई म्हणजे रूपक. फेरूनमध्ये रूपक चालतच नाही. राक्षसांची तिथं यादी आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी १९७७ सालीच मॉन्स्टर मॅन्युअल काढून ठेवलंय, कुणाला किती दात, कुणाचा वार किती जोराचा, सगळं छापील. आणि अॅबिस, म्हणजे तीच ती खाई, हे तर त्या विश्वात एका ठिकाणाचं नाव आहे, थरावर थर असलेलं दानवांचं घर, बळ असेल तर प्रत्यक्ष जाता येतं. म्हणजे आपल्याकडे जे वाक्य ऐकून माणूस हनुवटीवर हात ठेवून विचार करतो ते तिथल्या माणसाला रस्त्यावरच्या पाटीसारखं वाटेल, पुढे खोल दरी आहे, सावकाश जा.

एक प्रसंग सांगते. बेरेगॉस्ट नावाचं एक गाव आहे, त्याच्या पूर्वेला उघड्या माळावर लोकांचे पुतळे उभे दिसतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं वा, काय कलाकुसर आहे. एक पुतळा पळण्याच्या पवित्र्यात, एकाचे हात तोंडापुढे. मग झाडामागून बॅसिलिस्क आला, पालीचा अजस्र चुलतभाऊ म्हणा, त्यानं नुसतं बघितलं आणि माझा हिरो राखाडी झाला. खेळ खलास. आपण नजर लागली म्हणतो ना, तिथं ती शब्दशः लागते. ती तू त्याच्यात डोकावतोस मग तो तुझ्यात डोकावतो ही अख्खी नीत्शेगिरी एका सेकंदात उरकली गेली आणि मला शेवटचा सेव्ह कुठं केला होता ते आठवेना. त्यावर उपायही आहे. दगड न होण्याचा मंत्र मिळतो, नाहीतर तिथं एक कोरॅक्स नावाचं प्रेत फिरतं, त्याला भुरळ घालून पुढे करायचं, मेलेल्यावर त्या नजरेचा असर होत नाही. खाईत डोकावायचंच असेल तर आधी मेलेल्या कुणाला तरी पाठवा, हे मात्र नीत्शेला सुचलं नव्हतं.

बरं, एवढ्यावरच असतं तर मी म्हटलं असतं योगायोग. पण त्या गेमनं वाक्य खरंच वसूल केलंय. (ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा, पंचवीस वर्षांहून जुना गेम आहे, तरी सांगितलेलं बरं.) आपला हिरो निघतो भाल नावाच्या मेलेल्या देवाचा मुलगा. खुनाचा देव, नाव भाल. आपल्या भाषेत भाल म्हणजे कपाळ, आणि खरोखरच पोराच्या कपाळी हेच लिहिलेलं. ज्या चिलखती राक्षसाला शोधत आपण गेमभर वणवणतो, तो अगदी सुरुवातीच्या सीनमध्ये एकाला उंच इमारतीवरून खाली फेकून देणारा, डोळे जळत असलेला सारेवॉक, तो आपला सावत्र भाऊ. म्हणजे राक्षसाशी लढणारा राक्षसाच्याच घरचा. २००० साली दुसरा भाग आला त्यात तर हिरोला स्लेअर नावाच्या अक्राळविक्राळ रूपात बदलता येतं, बापाचंच रूप. ताकद जबरदस्त. पण प्रत्येक वेळी ते रूप घेतलं की लोकांत नाव खराब होतं, आणि त्या रूपात फार वेळ राहिलं तर हिरो मरतो. हे 'फार वेळ' वाचून मी खुर्चीत ताठ बसले. नीत्शेच्या वाक्यातही तेच आहे ना, 'फार वेळ' डोकावलास तर. त्याच्याकडे तो नुसता शब्द होता, यांनी त्याला घड्याळ लावलं.

असा कोट अंगावर बसतो. बाकी बहुतेक गेम कोट उसना आणतात आणि बाह्या मनगटाच्या खाली लोंबत असतात, हे मला पुढच्या काही वर्षांत कळलं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, एखाद्या रोमन सम्राटाचं नाहीतर चिनी सेनापतीचं वाक्य, खाली त्याचं नाव, मग ढोल वाजतात आणि पुढे आपण दहा तास डुकरं मारतो. युद्धाच्या गेममध्ये तर मेल्यावर कोट दाखवायची पद्धत निघाली, कॉल ऑफ ड्यूटीत बघितलंय मी, गोळी लागून पडलं की स्क्रीनवर युद्धाबद्दल कुणा थोर माणसाचं वाक्य. एकाच वळणावर नऊ वेळा मेल्यावर माणसाला थोरामोठ्यांबद्दल काय वाटू शकतं ते मी इथं लिहीत नाही.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा, कारण तो मला फार आवडतो. कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट, १९९७. गेम सुरू होतो तेव्हाच ड्रॅक्युला सिंहासनावर, हातात वाइनचा पेला. साल १७९२. त्याला मारायला आलेल्या रिक्टरशी तो हुज्जत घालतो आणि इंग्रजी आवृत्तीत एकदम म्हणतो, माणूस म्हणजे काय, गुपितांचा एक दळभद्री ढिगारा, पेला फेकून देतो, म्हणतो बोलणं पुरे, आणि मारामारी सुरू. लोक या सीनला इतकी वर्षं हसतात, इतका नाटकी आहे तो. पण हे वाक्य जवळपास जसंच्या तसं आंद्रे माल्रो या फ्रेंच लेखकाच्या १९४३ च्या कादंबरीतलं आहे, म्हणजे ड्रॅक्युलानं ते दीडशे वर्षं आधीच ढापलं. आणि कादंबरीत ते वाक्य शेवटचं नाहीच, समोरचा ताडकन उत्तर देतो की माणूस म्हणजे तो जे करतो ते. ड्रॅक्युला हे उत्तर गाळतो. गाळतो कसला, बोलणं पुरे म्हणून पेला फेकतो आणि रिक्टर चाबूक काढतो, म्हणजे उत्तर बोललं जात नाही पण घडतं. लिहिणाऱ्यानं मुद्दाम केलं असेल का? मला नाही वाटत, पण जमलंय. पुढे मरताना हाच ड्रॅक्युला बायबल सांगतो, सगळं जग मिळवून आत्मा गमावला तर काय फायदा, आणि वर अध्यायाचा आणि ओवीचा नंबरसुद्धा देतो, मॅथ्यू १६:२६. पिशाच्च मरतंय आणि संदर्भ देतंय!

काही जण कोट आणायच्या भानगडीत पडतच नाहीत, घरीच शिवतात. फॉलआउटचं ते युद्ध कधी बदलत नाही वालं वाक्य, कुणा तत्त्वज्ञाचं वाटतं पण आहे गेमचंच. प्लेनस्केप: टॉर्मेंटमध्ये तर एक म्हातारी चेटकीण विचारते की माणसाचा स्वभाव कशानं बदलू शकतो, आणि तो प्रश्न मला आजही भांडी विसळताना आठवतो. अल्फा सेंटॉरीवाल्यांनी सगळ्यात बेरकी काम केलं, नवा शोध लागला की एक वचन ऐकवायचं, कधी प्लेटोचं, कधी नीत्शेचंच, कधी त्यांच्याच गेममधल्या चेअरमन यांगचं किंवा सिस्टर मिरियमचं. सगळे एका पंगतीत बसवले, वाढप सारखंच. बरेच दिवस मी मिरियमबाईंना खऱ्या समजत होते. नीत्शेला खोटा समजण्याची फिट्टंफाट झाली म्हणायची.

हल्ली तर एक नवीनच पंचाईत आहे, मशीन इतक्या फास्ट झाल्यात की लोडिंगच्या वेळी दाखवलेलं वाक्य अर्धं वाचेपर्यंत गेम सुरू होतो. निम्मं तत्त्वज्ञान डोक्यात अडकून राहतं. मी एकदा मुद्दाम परत मागे जाऊन लोड केलं तर दुसरंच वाक्य आलं.

गेल्या सुट्टीत दादाची मुलगी आली होती, अकरा वर्षांची. माझ्या लॅपटॉपवर जुना बाल्डर्स गेट कसाबसा चालू करून तिला बसवलं. काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं. मी हळूच तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनं ओठ हलवत वाचलं, नावावर अडखळली.

"आत्या, हा कुठल्या लेव्हलला येतो?"

"नाही गं, तो येतच नाही."

"मग सांगतो कशाला?"

मी कँडलकीप, दारातलं पुस्तक वगैरे सांगायला तोंड उघडेपर्यंत तिनं एस्केप दाबलं होतं आणि हिरो बनवायला घेतला होता. जादूगार केला. नाव टाकायची चौकट आली तेव्हा तिनं मला स्पेलिंग विचारलं, मी एकेक अक्षर सांगितलं, तिनं टाइप केलं. पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव तो केवढा, हिट पॉइंट मोजून चार. नीत्शे पुस्तकांच्या किल्ल्यातून बाहेर पडला, जंगलात शिरला आणि पहिल्याच लांडग्यानं त्याला खाल्लं.