परभणीच्या उन्हात चालणारा गेमिंग पीसी

नव्या गेमिंग पीसीची यादी बहुतेक जण ग्राफिक्स कार्डापासून लिहायला घेतात. परभणीत ती अर्थिंगपासून लिहावी, असं माझं ठाम मत आहे. हे मत झालं ते आमच्या अप्पांमुळं. त्यांनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही, पण विहिरीवरची मोटार, स्टार्टर आणि कमी-जास्त होणारी लाइट यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध आहे.

२०२४ च्या दिवाळीत मी त्यांना सांगितलं की मॉनिटर, यूपीएस सगळं धरून ९० हजारांत स्वतः पार्ट्स निवडून पीसी जोडणार आहे. त्यांनी किंमत विचारली नाही. विचारलं ते हे, "त्या खोलीत अर्थिंग हाय का रे?"

नव्हतं. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेच्या मागं वायरच नसते. अशा सॉकेटवर पीसी लावला की कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पार्ट्सना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या आत लाइनीतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ नसली की बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज येतो, म्हणजे ११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा असतो, पण एचडीएमआयची केबल लावता-काढताना तोच पोर्टमधून वाट काढू शकतो. व्होल्टेजचे झटके अडवणाऱ्या स्पाइक गार्डचंही बरंचसं काम अर्थवरच चालतं. म्हणून अंगणात खड्डा घेतला, जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप उभा केला, भोवती कोळसा-मीठ भरलं आणि खोलीपर्यंत नवी वायर ओढली. बजेटातले पहिले पैसे तिथं गेले. ते सगळ्यात चांगले खर्च झाले असं मला आजही वाटतं.

मग एसएमपीएस. दुकानात कॅबिनेटसोबत एक "फ्री" मिळत होता. अप्पा म्हणाले, "मोटार कितीबी भारी घे, स्टार्टर हलका असला की जळतीच." मी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), इनपुटला १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला घेतला. ही शेवटची ओळ डब्यावर जरूर वाचा. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतो, तेव्हा तीच कामी येते.

यूपीएसच्या खोक्यावर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) मोठ्या अक्षरांत असतं आणि वॅट बारीक. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. माझा हिशेब असा होता: कार्ड ११५, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, मदरबोर्ड-पंखे-एसएसडी मिळून पन्नासेक, मॉनिटर तीसेक. म्हणजे २८० च्या आसपास. बसलं असतं, पण बॅटरी जुनी होत जाते, म्हणून १००० व्हीए, ६०० वॅटचा घेतला. घरचा इन्व्हर्टर आहे की, असं धाकटा भाऊ म्हणाला. पण लाइट गेल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो आणि इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर त्याला वीज द्यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तेवढ्यात पीसी बंद.

आता ऊन. मे महिन्यात पेपरात आपल्या कृषी विद्यापीठाची तापमानाची नोंद येते तेव्हा आकडा बघून बाहेरगावचे लोक फोन करतात. माझी खोली स्लॅबखाली आहे, दुपारी ४० अंशांच्या आसपास जाते. कार्डांच्या चाचण्या २२-२३ अंशांच्या खोलीत होतात. तिथं ६५ अंशांवर राहणारं कार्ड माझ्या खोलीत ८० च्या वर जाणार, कारण खोली आणि कार्ड यांच्यातला फरक जवळजवळ तेवढाच राहतो. शिवाय कार्ड जेवढे वॅट खातं तेवढी उष्णता खोलीतच सोडतं. म्हणून मी कार्ड वॅट बघून निवडलं. मी घेतलेल्या आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरएक्स ७६०० ला १६५, आरटीएक्स ३०६० ला १७०. ३०६० ची १२ जीबी मेमरी मला फार मोहात पाडत होती. ४०६० ला ८ जीबीच आहे आणि नव्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) अल्ट्रावर ठेवता येत नाहीत, हे खरं आहे. मी हायवर ठेवतो. मावसभाऊ जुनं ३०६० स्वस्तात मिळवून देत होता. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. त्यातलं एखादं आपल्या उन्हात आणावं, हे मनाला पटलं नाही.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. काचेचं तोंड असलेलं देखणं दिसतं, पण हवा कोंडते. पुढं दोन पंखे आत ओढणारे, मागं एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही, ती फिल्टरवर अडकते. कापूस वेचणीच्या दिवसांत तो फिल्टर बघाच, पांढरा होतो. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. गार वाटतं, पण त्यासोबत ओल जाते.

प्रोसेसरवर मी सगळ्यात जास्त विचार केला. एएमडीचा रायझन ५ ५६०० स्वस्त पडत होता, त्याला लागणारी जुन्या पिढीची डीडीआर४ रॅमही स्वस्त. तरी रायझन ५ ७६०० घेतला, आणि त्याचं मोठं कारण वेगाचं नाही. ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे, ५६०० मध्ये नाही. आपल्या गावात कार्डाचं सर्व्हिस सेंटर नाही. वॉरंटीत कार्ड पाठवलं की ते कधी परत येईल सांगता येत नाही. तोवर मॉनिटर बोर्डाला लावून पीसी चालू राहतो, बहिणीचे ऑनलाइन फॉर्म भरता येतात. शिवाय तो ज्यात बसतो ते बोर्डावरचं एएम५ सॉकेट २०२२ चं आहे, पुढं फक्त प्रोसेसर बदलता येईल. मी स्वतः युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो. रात्री जेवणं झाल्यावर पावसातल्या हमरस्त्यावर ट्रक हाकणं मला फार आवडतं. २०१२ चा हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरच्या एकेका कोरवर जास्त भार टाकतो, त्यामुळं तिथंही पैसे वसूल झाले.

बाकीचं पटकन सांगतो. रॅम १६ जीबीची एक नको, ८ च्या दोन घ्या, आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो हा रॅमचा पर्याय चालू करा, नाहीतर ती कमी वेगानंच चालते. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची.

बजेट माझ्याहून कमी असेल तर इंटेल आय५ १२४००, डीडीआर४ आणि १३२ वॅटचं आरएक्स ६६०० बघा. फक्त १२४०० च्या पुढं "एफ" नसलेला मागा, एफवाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं. तेही जमत नसेल तर कार्ड सहा महिन्यांनी घ्या, आतल्या ग्राफिक्सवर जुने गेम चालतात. एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग मात्र पहिल्याच दिवशी.