सतरा मीटर आणि पाकोळी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. नववीचे ध्वनीचे प्रकरण मी अनेक वर्षे पुस्तकातल्या क्रमानेच शिकवत असे. कानावर पडलेल्या आवाजाची जाणीव सुमारे ०.१ सेकंद टिकते आणि २२ अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर असतो, म्हणून प्रतिध्वनी वेगळा ऐकू येण्यासाठी अडथळा किमान १७.२ मीटर दूर हवा. मुले हे पाठ करीत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग पाकोळी हातभर लांबचा किडा कसा धरते? तिला सतरा मीटर कुठं मिळतात?" पाकोळी म्हणजे किडे खाणारे छोटे वटवाघूळ; ते हाका मारून त्यांच्या प्रतिध्वनीवरून किडा शोधते.

तो तास तिथेच थांबला. सतरा मीटरची मर्यादा ध्वनीची नसून आपल्या कानाची आहे, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले असूनही मी कधी ठसवलेले नव्हते. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. किडा अर्ध्या मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत येण्यास एक मीटरचा प्रवास, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या तिपटीहूनही कमी वेळ लागतो. पाकोळीची हाक तेवढ्या वेळात संपली नाही, तर परतणारा आवाज तिच्याच हाकेत बुडेल. म्हणूनच ती भक्ष्याजवळ जाताना हाका आखूड करत जाते आणि शेवटच्या क्षणी त्यांची संख्या सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत नेते. त्या हाका एवढ्या उंच स्वराच्या का, याचे उत्तर तरंगलांबीत, म्हणजे लागोपाठच्या दोन लहरींमधल्या अंतरात, मिळते. ४० हजार हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास येते, तर आपल्या बोलण्यातल्या ५०० हर्ट्झच्या आवाजाची जवळजवळ ६९ सेंटिमीटर, आणि एवढ्या लांब लहरीला चिमुकला किडा जवळपास अडवतच नाही. पिंपळावर लटकणारी मोठी वाघळेही असेच करतात का, असे एका मुलाने विचारले. ती फळे खाणारी वाघळे डोळ्यांवर आणि नाकावर चालतात, हे सांगताना मला आनंद झाला, कारण दोन्ही जातींतला फरक मुले आधीपासूनच जाणत होती.

१७९० च्या दशकात इटलीत लाझारो स्पालांझानी यांनी दृष्टी गेलेली वटवाघळेही अडथळे चुकवतात हे दाखवले होते. परंतु वटवाघळांच्या हाका यंत्राने टिपल्या जाण्यासाठी १९३८ साल उजाडावे लागले आणि ते काम अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांनी केले. आमच्याच तालुक्यात, भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहांमध्ये, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे रॉटनचे वटवाघूळ राहते. मुलांना तिथे न्यावे असे अनेक जण सुचवतात, पण गुहेतल्या जीवांना त्रास देऊन शिकवलेले विज्ञान मला नको.

त्याऐवजी आम्ही गावाबाहेरच्या भाताच्या गिरणीच्या भिंतीपासून दोरीने साठ मीटर मोजले आणि प्रत्येक टाळी आधीच्या टाळीच्या प्रतिध्वनीवर पडेल अशा लयीत एकवीस टाळ्या वाजवल्या. पहिल्या टाळीपासून एकविसाव्या टाळीपर्यंत ७.१ सेकंद लागले आणि तेवढ्यात आवाज वीस वेळा १२० मीटर जाऊन आला, म्हणजे वेग सेकंदाला ३३८ मीटर निघाला. तीन वेळा लय चुकली होती, तेही मुलांनी वहीत लिहिले.

सगळेच प्राणी असे उपयोगी पडत नाहीत. डोहात बसणारी म्हैस उष्णतेच्या प्रकरणाला सोयीची वाटते खरी, पण "तिला उकडतं" एवढ्यावर मुलांचे समाधान होते आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. पुस्तकातल्या एखाद्या विधानाला खोटे पाडतो असा भास करून देणारा प्राणी मला हवा असतो.

यंदा प्रकाशाच्या अपवर्तनासाठी, म्हणजे पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो त्या प्रकरणासाठी, खंड्या निवडला आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे चार फूट खोल डोह सरळ वरून पाहिला तर तीन फूटच भासतो, तरीही खंड्या मासा धरतो. मलप्रभेवर काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि जवळजवळ सरळ खाली सूर मारतो, हे दहावीच्या मुलांनी टिपून आणले. सरळ खाली पाहताना मासा बाजूला सरकल्यासारखा दिसत नाही, फक्त वर आलेला दिसतो, त्यामुळे त्याचे कोडे निम्मे सुटले. निळा खंड्या मात्र फांदीवरून तिरका झेपावतो. तो नेम कसा साधतो, हा प्रश्न आज चौथ्या दिवशीही फळ्याच्या कोपऱ्यात तसाच आहे आणि तो पुसायचा नाही असे मुलांनी खाली लिहून ठेवले आहे.