दमले नाहीये, चालतेय

शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर एक काका बसतात. एप्रिल लागला की त्यांचं सुरू होतं, "मॅडम, दमलात का?" त्यांचं एक वेळ ठीक आहे. पण ऑफिसातले, ग्रुपमधले, पुण्याची नणंद, सगळ्यांना तेच पडलेलं असतं. जानेवारीत एकवीस किलोमीटर न थांबता पळतेस, मग मे महिन्यात मधेच चालायला का लागतेस? तर एकदाचं सांगून टाकते.

दमलेली नसते. घड्याळात हृदयाचे ठोके मिनिटाला 152 च्या वर गेले की चालायचं, 140 वर उतरले की पुन्हा पळायचं. पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली, ते बघायचं नाही. इतकंच आहे.

"मग पहाटे लवकर जा ना!" जाते हो. पाचला रस्त्यावर असते. पहाट म्हणजे गारवा, हे पुण्याचं गणित. तिथे तळजाई टेकडीवर आलेला घाम वाळायचा तरी. घाम नुसता गळून उपयोग नाही, वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. इथे मुंबईत मे महिन्यात पहाटेच पारा 28, आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे, आणि समुद्रावरचा वारा सुटणार थेट दुपारच्या तोंडावर. घाम कोपरावरून ठिबकतो, बुटात साठतो, चालताना चुबुक चुबुक वाजतो. सव्वा तासाने वजनकाट्यावर उभी राहिले की 58.4 किलोचे 57.1 झालेले असतात. सव्वा लिटरवर पाणी गेलं आणि अंग तापलेलं ते तापलेलंच.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा म्हणजे तीन मे महिन्यांपूर्वी.

रविवार होता, अठरा किलोमीटर ठरले होते. पार्क ते वरळी, दोन फेऱ्या. चौदाव्या किलोमीटरला अंगावर काटा आला. मला वाटलं, वारा सुटला. बरं वाटलं, खरं सांगते. मग अजून किती राहिलं म्हणून हिशोब करायला गेले, तर अठरातून चौदा गेले किती, हे येईना. दोनदा, तीनदा. ग्रुप पुढे निघून गेला. त्यांना दोष देत नाही, मीही कुणासाठी थांबत नसे.

वरळी डेअरीच्या अलीकडे फुटपाथवर बसले. बसण्याआधी मी काय केलं असेल? घड्याळ पॉज केलं. सरासरी बिघडू नये म्हणून.

शेजारी एक कोळीण थर्माकोलचा डबा घेऊन टॅक्सीची वाट बघत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण काढलं. "बस गो बाय, हलू नको." मूठमूठ बर्फ मानेवर, काखेत, टोपीखाली. एकीकडे पुटपुटत होती, "पापलेटं खराब होतील माझी." पण हात थांबले नाहीत. वीसेक मिनिटांनी मला घरचा नंबर आठवला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायलात? दीड-दोन लिटर पाणी. साधं. मीठ? मीठ कशाला, म्हटलं. त्यांनी नुसतं बघितलं. घड्याळाच्या काचेला माशाचा एक खवला चिकटला होता, तो मला घरी आल्यावर दिसला.

आता ओआरएसची अख्खी पुडी एक लिटर पाण्यात घालून नेते. चिमूट-चिमूट नाही.

तेव्हाची मी आजच्या मला बघून हसली असती. म्हणाली असती, शरीराला सवय होते गं. होतेच. उन्हाळा लागल्यावर दहा-चौदा दिवस हळूहळू वाढवत नेलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो. ते मी करतेच. पण सुटलेला घाम वाळवणार कोण? यावर तिच्याकडे उत्तर नाही. तिचा मात्र एक प्रश्न आहे, जो तुम्ही कुणी विचारत नाही. 152 हा आकडा कुठून आला? डॉक्टरांनी दिलेला नाही, कोचने नाही. मीच ठरवला. 158 का नाही? यंदा जानेवारीत मला सहा मिनिटं जास्त लागली. ती वयाची की या चालण्याची, हेही सांगता येत नाही.

गेल्या रविवारी आभाळ भरलं होतं, वाराही होता, घड्याळात 143. वरळी डेअरी आली आणि मी चालायला लागले. तिथे कट्ट्यावरचे काका नसतात, ते बरंय.