मॉनिटर आहे, मग सिस्टर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आयसीयूच्या दाराशी नातेवाईक हे विचारतातच: "औषधं डॉक्टर लिहून देतात, बाकीचं मॉनिटर सांगतो. मग सिस्टर, तुम्ही पेशंटपाशी सतत काय करता?"

सेप्सिसचंच घ्या. त्यात जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि स्वतःचेच अवयव बिघडू लागतात. सुरुवात बेमालूम असते. श्वास वाढतो, काल नीट बोलणारे आजोबा आज बरळतात, लघवी कमी होते. ताप असेलच असं नाही. वयस्कर माणसाचं अंग उलट गार पडू शकतं. या सगळ्याची बेरीज मॉनिटर करत नाही. श्वास तर मी अजूनही छातीकडे बघत मिनिटभर मोजते. मॉनिटरचं काय, पेशंट जरा हलला तरी आकडा बदलतो.

शॉक असेल, म्हणजे बीपी इतकं पडलं की अवयवांना रक्त पुरेना, तर अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं. त्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी, कारण नंतर जंतू सापडणं अवघड होतं. पण कल्चरसाठी रक्त मिळेना म्हणून डोस लांबवायचा नाही. लॅक्टेट, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडतंय का हे सांगणारी रक्ततपासणी, पाठवायचं, सलाइन सुरू करायचं: साधारणपणे किलोमागे ३० मिली, पहिल्या ३ तासांत. म्हणजे ७० किलोच्या माणसाला दोन लिटरहून जास्त. ते जात असताना फुप्फुसात पाणी होत नाही ना, हेही बघायचं.

तरी बीपी उचललं नाही तर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध, पंपावरच्या सिरिंजमधून सतत. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, ६५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. माझा जीव टांगणीला लागतो तो सिरिंज बदलताना. या औषधाचा असर काही मिनिटांतच ओसरतो. जरा खंड पडला की बीपी धाडकन खाली. म्हणून पहिली संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवते. आणि औषध हाताच्या शिरेतून चालू असेल, तर ती जागा पुन्हापुन्हा बघते. बाहेर झिरपलं तर कातडी पांढरी पडते, वेळेवर लक्षात आलं नाही तर तिथलं मांस मरू शकतं.

बाकी तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, साखर तपासणं हे चालूच असतं.

आणि हो, "आज हे नेहमीसारखे नाहीत" असं वाटलं तर मला लगेच सांगा. बरळणं जुनंच आहे की आजचं, हे चार्टवर बऱ्याचदा लिहिलेलं नसतं.