नाळ कुठं पुरलीय?

मागच्या जूनमध्ये आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या पेज या गावाहून मॉन्युमेंट व्हॅलीला निघालो होतो. अर्धा तास झाला नसेल तर बायको फोनकडं बघून म्हणाली, अरे आत्ता साडेनऊ होते, साडेदहा कसे झाले? मला वाटलं फोन बिघडला. मग कळलं की अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळं पुढं करत नाही, पण नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळ रहिवासी लोकांचा स्वतःचा कारभार असलेला प्रदेश, तो करतो, त्यामुळं हद्द ओलांडली की एक तास गायब, परत बाहेर आलात की परत मिळतो. आमचे दोघांचे फोन तर दुपारपर्यंत वेगवेगळी वेळ दाखवत होते.

त्या रस्त्यानं जाताना डाव्या हाताला लांब एक डोंगर दिसतो, नवाहो माउंटन. टोकदार नाही, पालथ्या कढईसारखा, एकटाच उभा. उंची दहा हजार फुटांच्या वर. डोंगर युटा राज्यात पण तिथं गाडीनं जायचं तर अ‍ॅरिझोनातूनच जावं लागतं, युटाच्या बाजूनं सरळ रस्ताच नाही. तेव्हा नुसता फोटो काढला आणि पुढं गेलो. घरी आल्यावर त्या भागाबद्दल वाचत बसलो आणि विली ग्रेआइज हे नाव सापडलं, मग दोन आठवडे दुसरं काही वाचलंच नाही म्हणा ना.

विली ग्रेआइज या डोंगराजवळच्या पाइयूट मेसाचे, मेसा म्हणजे सपाट माथ्याचं पठार. नवाहो, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेत दिने. २०१८ साली सत्तरी ओलांडल्यावर ते युटातल्या सॅन वान काउंटीच्या कमिशनरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे राहिले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, आणि कमिशनर तीनच, तेच सगळं बघणार, रस्ते, बजेट, सगळं. काउंटी आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा मोठी आणि माणसं किती, तर पंधरा हजारांच्या आत! त्यातली निम्मी मूळ रहिवासी, बहुतेक नवाहो. पण काउंटीचं मुख्यालय मॉन्टिसेलो वर उत्तरेला गोऱ्या लोकांच्या भागात, आणि नवाहो माउंटनच्या माणसाला तिथं जायचं तर आधी अ‍ॅरिझोनात उतरायचं, केयेंटावरून फिरून परत युटात चढायचं, चारेक तास एका बाजूचे. एका सहीसाठी एक दिवस गेला.

आता मे २०१८. काउंटीच्या क्लार्कनं, म्हणजे निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, ग्रेआइज यांचं नाव मतपत्रिकेवरून काढून टाकलं. कारण काय, तर म्हणे हे युटात राहतच नाहीत, अ‍ॅरिझोनात राहतात. म्हणजे जिथला रस्ताच अ‍ॅरिझोनातून येतो त्या माणसाला म्हणायचं तुम्ही अ‍ॅरिझोनात का दिसता. दुकान, बाजार, कामधंदा सगळं त्या बाजूला. ग्रेआइज फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात गेले. ऑगस्टमध्ये जज डेव्हिड नफर यांनी नाव परत टाकायचा आदेश दिला आणि आदेशात हेही आलं की ज्या तक्रारीवरून नाव काढलं तिच्यावर मागची तारीख टाकलेली होती. मागची तारीख! हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये ग्रेआइज निवडून आले. थोडक्या मतांनी, पण आले. मग हरलेले रिपब्लिकन उमेदवार केली लॉज राज्याच्या कोर्टात गेले, मुद्दा तोच, हा माणूस इथला नाहीच.

आणि इथं ती गोष्ट येते ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. जानेवारी २०१९ मध्ये जज डॉन टॉर्गरसन यांनी ग्रेआइज यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्यात एक मुद्दा असा की त्यांची नाळ पाइयूट मेसावर पुरलेली आहे. नवाहो लोकांत मूल झालं की नाळ घराजवळ, गोठ्याजवळ जमिनीत पुरतात, मग ते माणूस कुठंही जाऊदे ते त्या जागेचं.

मी हे वाचून खुर्चीतच थांबलो. अहो आपण हे रोज बोलतो! "गावाशी नाळ तुटली", "मातीशी नाळ जोडलेली", भाषणांत तर इतकं वापरून गुळगुळीत झालंय की त्यात खरोखरची नाळ असते हे विसरूनच गेलोय. आमची आजी मात्र खरंच म्हणायची, बोट दाखवून, तुझ्या बापाची नाळ त्या परड्यात पुरलीय, शेवग्याच्या अलीकडं. तिच्यासाठी तो पत्ताच होता, पिनकोडपेक्षा पक्का. पण आजीचा हा पुरावा एखाद्या कोर्टात चालेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

कायद्याच्या भाषेतही ते बसतं बरं का. युटात मतदाराचं राहण्याचं ठिकाण म्हणजे जिथं त्याचं घर आहे आणि बाहेर गेला तरी जिथं परत यायचा त्याचा इरादा आहे ती जागा. आता इरादा कसा मोजणार? वीजबिलानं? तिथल्या कितीतरी घरांना घर नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, टपाल लांबच्या पोस्टातल्या बॉक्सवर येतं. नवाहो नेशनमधल्या सुमारे ३० टक्के घरांत नळाचं पाणी नाही, लोक पिकअपमध्ये टाकी ठेवून पाणी आणतात. अशा ठिकाणी परत यायचा इरादा नाळेनं नाही मोजायचा तर कशानं.

थोडं मागं जाऊ, नाहीतर हे सगळं एका खडूस क्लार्कची गोष्ट वाटेल. युटात रिझर्व्हेशनवर, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहणाऱ्या लोकांना मताचा हक्कच नव्हता, कारण काय तर ते राज्याचे रहिवासी नाहीत. बघा, तोच शब्द! १९५६ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं हे बरोबर ठरवलं आणि १९५७ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलला. विली तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असतील. म्हणजे "तू इथला नाहीस" हे त्यांनी लहानपणी ऐकलं आणि म्हातारपणी परत ऐकलं.

पुढं १९८३ मध्ये केंद्र सरकारनं काउंटीवर खटला भरला, त्यातून तीन वेगळे वॉर्ड झाले, आणि १९८६ मध्ये मार्क मेरीबॉय निवडून आले, युटातले पहिले मूळ रहिवासी काउंटी कमिशनर, सोळा वर्षं होते. पण गंमत अशी की नवाहो मतदार जवळजवळ सगळे एकाच वॉर्डात कोंबलेले, म्हणजे एक सीट कायम तुमची आणि दोन कायम आमच्या, मतं पडतात दोनास एक, बसा ओरडत. वॉर्डरचना म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला जास्त समजवायला नको. २०१२ मध्ये नवाहो नेशन कोर्टात गेलं, जज रॉबर्ट शेल्बी यांनी जुना नकाशा घटनाबाह्य ठरवला, २०१७ च्या शेवटी नवा आला आणि त्या नव्या नकाशावरची पहिली निवडणूक म्हणजे ही २०१८ ची. आता कळलं ना एका म्हाताऱ्याच्या पत्त्यावर एवढा जीव का टाकला होता?

जानेवारी २०१९ मध्ये ग्रेआइज आणि मार्क यांचे भाऊ केनेथ मेरीबॉय असे दोन नवाहो आणि रिपब्लिकन ब्रूस अ‍ॅडम्स असं कमिशन बसलं. काउंटीच्या इतिहासात पहिल्यांदा नवाहो बहुमत. लगेच त्यांनी बेअर्स इअर्सच्या बाजूनं ठराव केला. हा मेसा, दऱ्या, जुन्या वस्त्यांचे अवशेष असलेला मोठा भाग, ओबामांनी डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय स्मारक केला, वर्षभरात ट्रम्प यांनी ८५ टक्के कापला, बायडेन यांनी २०२१ मध्ये परत दिला. ग्रेआइज आधी याच मागणीसाठी लढणाऱ्या युटा दिने बिकेया संस्थेचे अध्यक्ष होते. आधीच्या कमिशनचा त्याला कडक विरोध, आणि त्या कमिशनमधल्या नवाहो बाई रिबेका बेनाली, त्यासुद्धा विरोधात. त्यांना केनेथ यांनी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, हरवलं होतं. त्यामुळं सगळे नवाहो एका बाजूला आणि सगळे गोरे दुसऱ्या बाजूला असं चित्र कुणी रंगवलं तर विश्वास ठेवू नका.

विरोधक गप्प बसले नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरमध्येच काउंटीची कारभाराची पद्धत बदलायचा विचार करावा का यावर मतदान घडवलं, थोडक्यात पडलं. मग कोविड आला आणि २०२० च्या मे महिन्यात नवाहो नेशनमध्ये लोकसंख्येच्या मानानं पेशंट अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त होते. पाणी नाही त्या घरात वीस सेकंद हात धुवा हे कुणी कुणाला सांगायचं.

२०२२ मध्ये ग्रेआइज हरले. केनेथ मेरीबॉयसुद्धा.

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. जज, नाळ, डोंगर, सगळं. आईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हरला बिचारा? मग आता कुठं असतो?" म्हटलं असेल तिथंच, जाणार कुठं. मग मला राहवेना, मी विचारलं, आई, माझी नाळ कुठं पुरलीय गं? मतदारयादीतून माझं नाव "स्थलांतरित" म्हणून दोनदा उडालंय, पुढच्या वेळी काहीतरी पुरावा असावा हाताशी.

"तुझी कुठली पुरतोय," आई म्हणाली, "तू दवाखान्यात झालास. त्यांनीच टाकली असेल कुठंतरी."