विमानाच्या हातबॅगेत मावणारा किनाऱ्यावरचा तंबू : नोंद तिसरी

मागच्या दोन नोंदींत मी तंबूच्या वजनाचा फार विचार केला होता. आता असे वाटते की तो क्रम चुकला. विमानातून न्यायच्या तंबूचा पहिला प्रश्न वजनाचा नसून घडी केल्यावर उरणाऱ्या लांबीचा आहे, आणि ही गोष्ट मला आर्वीच्या घरी, ओसरीवर मोजपट्टी घेऊन बसल्यावर कळली. तूर निघाल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, आम्ही चौघे नागपूरहून विमानाने गोव्याला जाणार आहोत आणि हरमलच्या किनाऱ्यावर दिवसभर सावलीत बसण्यापुरता तंबू सोबत न्यायचा आहे. मुक्कामाचा तंबू हा नव्हे. चिखलदऱ्याला आपण नेतो तो जड तंबू या कामाचा नाही.

देशांतर्गत प्रवासात हातबॅग साधारणपणे ७ किलोपर्यंत आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, म्हणजे तिन्ही बाजू मिळून ११५ सेंटिमीटर, एवढीच चालते. ही मापे बाहेरची आहेत. माझ्या बॅगेची चाके, दांडा आणि अस्तर वगळून आतली मोकळी जागा ५१ × ३२ सेंटिमीटर भरली, आणि तिचा कर्ण ६० सेंटिमीटरच्या किंचित वर येतो. पहिल्या नोंदीत ज्या तंबूची मी भरभरून स्तुती केली होती, त्याच्या दांड्यांची घडी ६२ सेंटिमीटर आहे. तो तंबू केवळ १ किलो ९०० ग्रॅम वजनाचा असूनही तिरपा ठेवला तरी बॅगेत बसत नाही, आणि जो बसतो त्याचे वजन २ किलो ३०० ग्रॅम आहे. चारशे ग्रॅम मी आनंदाने सोसतो.

सोबतची मोठी बॅग विमानाच्या पोटात द्यायची असतेच, तर तंबूही त्यातच का देऊ नये, असे एका मित्राने विचारले. गेल्या वर्षी मी लांब पिशवीतला तंबू तसाच स्वतंत्र सामान म्हणून दिला होता. तो परत मिळाला तेव्हा पिशवीची चेन उसवलेली होती आणि फायबरची एक दांडी लांबीत चिरलेली होती. फायबर चिरला की त्याच्या कुसळासारख्या काड्या हातात घुसतात, आणि ती दांडी पुन्हा भरवशाची राहत नाही. तेव्हापासून कापड आणि दांड्या हातबॅगेत, आणि लोखंडी खुंट्या, हातोडी, चाकू हे सर्व मोठ्या बॅगेत, अशी वाटणी मी ठरवली आहे. टोकदार वस्तू हातबॅगेत ठेवून तपासणीच्या रांगेत वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिथे शेवटचा शब्द सुरक्षा जवानांचाच असतो.

प्रकारांबद्दल थोडक्यात लिहितो. झटक्यात उघडणाऱ्या तंबूत पोलादी तारेचे कडे कापडातच शिवलेले असते, त्यामुळे त्याची घडी मोठ्या परातीसारखी गोल आणि रुंद होते. हातबॅगेसाठी हा प्रकार मी पूर्णपणे सोडला. छत्रीसारख्या यंत्रणेचा तंबू उभारायला सर्वांत सोपा आहे, मात्र त्याच्या दांड्या मधल्या सांध्याला कायमच्या जोडलेल्या असल्याने घडी लांबच राहते. उरतो तो सुट्या दांड्यांचा प्रकार. माझ्या निवडलेल्या तंबूत प्रत्येक तुकडा ४० सेंटिमीटरचा आहे, आत इलॅस्टिकची दोरी ओवलेली आहे आणि सुमारे ४ मीटरच्या एका कमानीला असे १० तुकडे लागतात. घडी जितकी आखूड, तितके सांधे जास्त, आणि प्रत्येक सांध्यात रेती शिरते. दांड्या अॅल्युमिनियमच्या आहेत, म्हणून परत आल्यावर तुकडे सोडवून गोड्या पाण्याने धुणे आणि पूर्ण वाळवूनच आत ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर खाऱ्या पाण्याने धातूवर खड्डे पडतात.

या महिन्यातले मुख्य काम मात्र रेतीवरच्या पकडीचे होते. आमच्या शेतातल्या काळ्या मातीत १८ सेंटिमीटरची खुंटी एकदा ठोकली की काढताना घाम फुटतो. तोच तंबू, त्याच खुंट्या घेऊन मी कौंडण्यपूरजवळ वर्धा नदीच्या पात्रात गेलो आणि कोरड्या रेतीत ठोकलेली खुंटी दोन बोटांनी उपसून निघाली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत शिकलेले इथे हिशेबाला आले. दोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच भिंतीवर ताशी २० किलोमीटरचा वारा ढोबळमानाने पाच किलो वजनाइतका जोर लावतो, आणि तोच वारा ४० वर गेला की जोर चौपट, म्हणजे वीस किलोच्या आसपास होतो. खुंट्यांच्या भरवशावर तिथे मुलांना बसवणे मला मान्य नाही.

उपाय विमानात न न्याव्या लागणाऱ्या वजनाचा आहे. कोरडी रेती लिटरला साधारण १.६ किलो भरते, म्हणजे ८ लिटरच्या पिशवीत जवळजवळ १३ किलो वजन किनाऱ्यावरच फुकट मिळते. आमच्या शिंप्याकडे युरियाची रिकामी पोती नेली आणि त्यांच्या सहा पिशव्या शिवून घेतल्या. तो म्हणाला, ‘भाऊ, बुडाले दुहेरी शिलाई मारा लागते, नाही त रेती फाडून टाकते.’ त्याचे म्हणणे खरे ठरले, कारण एकेरी शिवणीची नमुन्याची पिशवी दुसऱ्याच वेळी उसवली. भरलेली पिशवी नुसती वर ठेवण्याऐवजी हातभर खोल पुरून तिच्या तोंडाची दोरी तंबूच्या कडीला बांधली, तर वर साचलेल्या रेतीचाही भार मिळतो आणि पिशवी घसरत नाही. सहाही पिशव्यांची घडी एका दुपट्ट्याएवढी होते. कौंडण्यपूरला त्या दिवशी सायंकाळी वारा बऱ्यापैकी होता, तरी तंबू जागेवरून हलला नाही.

कापडाच्या बाबतीत मी नायलॉनऐवजी पॉलिएस्टर घेतले, कारण नायलॉन ओले झाले की सैल पडते आणि उन्हाने लवकर जीर्ण होते. यूपीएफ हे कापड ऊन किती अडवते याचे माप आहे, आणि यूपीएफ ५० या आकड्याचा अर्थ असा की अतिनील किरणांचा जास्तीत जास्त पन्नासावा भाग कापडातून आत येतो. हे छताबद्दल झाले. कोरडी रेती सुमारे १५ टक्के अतिनील किरणे परत फेकते, ती उघड्या दारातून आत येतात, म्हणून लहान मुलांना दाराजवळ न बसवता मागच्या बाजूला बसवावे.

दाराच्या दिशेचा विचार मला सर्वांत उशिरा सुचला. जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि गोव्याचे किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दार समुद्राकडे ठेवले तर दुपारनंतरचे ऊन थेट आत येईल. म्हणून दार उत्तरेला, पाठ दक्षिणेला आणि समुद्र डाव्या हाताला, असे मी ठरवले आहे. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा मग डाव्या भिंतीवर आदळेल, त्यामुळे सहापैकी तीन पिशव्या त्या बाजूला जातील. पेडणे तालुक्यातल्याच मोरजी आणि मांद्रे येथे या काळात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे रेतीत पिशव्या पुरण्याचे काम आम्ही तिथे करणार नाही.

सध्या तंबू, पिशव्या आणि कपड्यांसह माझी हातबॅग घरच्या काट्यावर ६ किलो ४०० ग्रॅम भरते. मागच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटलेली आहे, ती याच आठवड्यात शिंप्याकडून शिवून घेईन आणि नंतर एकदा पुन्हा नदीवर, या वेळी भर दुपारी, तंबू उभारून आतले तापमान मोजेन.